सीमाभागातल्या छोट्या व्यावसायिकाला स्वतःचे संकेतस्थळ खरोखर लागते का?

धागाकर्ता : दुभाषी

नमस्कार. मी बेळगावच्या टिळकवाडीत राहतो आणि गेली अकरा वर्षे मराठी, कन्नड व इंग्रजी या तीन भाषांमधल्या कागदपत्रांचे अनुवाद करून पोट भरतो. चंदगडच्या किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या कुटुंबाची खानापूर तालुक्यात वडिलोपार्जित जमीन निघते, वाटणीच्या वेळी कन्नडमधली ‘पहाणी’, म्हणजे तिकडचा जमिनीचा उतारा, हाती येते, आणि आयुष्यभर सातबारा वाचलेल्या माणसाला त्यातला एकही रकाना लागत नाही. माझे बहुतेक काम तिथून सुरू होते. जाहिरात अशी मी कधी केली नाही. वकिलांच्या कार्यालयांतून माझा क्रमांक पुढे जात राहिला आणि बाकीचा सारा व्यवहार फोनमधल्या एका संदेश-अ‍ॅपवर चालला.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी ते खाते बंद झालेले दिसले. आदल्या संध्याकाळी नवे दरपत्रक मी एकामागून एक साठ-सत्तर जणांना पाठवले होते, तेच नडले असावे. अर्ज केला, उत्तर यंत्राने दिले, आणि नवव्या दिवशी खाते जसे गेले तसेच परत आले. मधल्या काळात दोन कामे हातची गेली. त्यांपैकी पुण्याच्या एका गृहस्थांनी नंतर सांगितले की, संदेश पोहोचत नाहीत म्हटल्यावर मी हे काम सोडून दिले असावे असे त्यांना वाटले. त्यांनी मला आणखी कुठे शोधले असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘शोधले ना, पण तुम्ही कुठेच नाही.’

मला हे वाक्य लागले. संकेतस्थळ करावे असे तेव्हापासून मनात आहे. पण ओळखीत ज्यांनी केले त्यांतले निम्मे लोक ‘पैसे पाण्यात गेले’ असे सांगतात. म्हणून हा धागा. आपापला अनुभव सविस्तर लिहावा.

काठपदर

दुभाषीदादा, निम्म्या लोकांत मला धरा, फरक इतकाच की मी पैसे पाण्यात घालण्याआधीच थांबले. वडगावात माझे ब्लाउज शिवायचे आणि आरीकामाचे घरगुती दुकान आहे. माझे गिऱ्हाईक गल्लीतले, फार तर शहापूर-अनगोळातले. एकीचा ब्लाउज दुसरीने लग्नात पाहिला की तिसऱ्या दिवशी ती माप द्यायला दारात येते. लग्नसराईत मला कामे परत पाठवावी लागतात. अशा वेळी संकेतस्थळ काढून आणखी माणसे बोलावायची आणि त्यांनाही नाही म्हणायचे, हे मला पटत नाही. आरीकामाची छायाचित्रे मी इन्स्टाग्रामवर टाकते, त्यावरून गोव्यातल्या दोघी-तिघी दर वर्षी येतात. तेवढे पुरते.

कुणी काहीही विकायला आले की ‘आजच्या काळात हे हवेच’ असे म्हणते, त्याचा मला फार कंटाळा आलेला आहे, हेही नोंदवून ठेवते.

बस्तावाले

काठपदरताईंचे म्हणणे त्यांच्या धंद्यापुरते रास्त आहे. आमचे प्रकरण निराळे. आमचे कापडाचे दुकान आजोबांच्या काळापासून आहे आणि आमचा बस्ता बांधायला येणारा निम्म्याहून अधिक वर्ग सीमेपलीकडचा आहे: चंदगड तालुका, दोडामार्ग, सावंतवाडी, थोडेफार गोव्याचे लोक. हे लोक घरातली आठ-दहा माणसे घेऊन, गाडी ठरवून येतात. म्हणजे निघण्यापूर्वी त्यांना दुकान उघडे आहे का, सोमवारी बंद असते का, गाडी कुठे लावायची, हे सगळे कळावे लागते.

दोन वर्षांपूर्वी ऐन वैशाखात नकाशावरच्या आमच्या नोंदीवर ‘कायमचे बंद’ असा शिक्का दिसू लागला. तिथे कुणीही अनोळखी माणूस दुरुस्ती सुचवू शकतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. कुणी मुद्दाम केले की चुकून झाले, हे आजतागायत समजलेले नाही. ते सरळ व्हायला जे पाच-सहा दिवस लागले, त्या दिवसांत किती गाड्या दुसऱ्या दुकानापुढे थांबल्या याचा हिशेब नाही. पुढच्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सीमेवर थांबल्या, तेव्हा लोकांचे फोन येत होते, ‘यायचे का, रस्ता चालू आहे का?’ एकेकाला उत्तर देताना घसा बसला. आपले एक पान असते तर सकाळी दोन ओळी लिहून मोकळे झालो असतो. त्या आठवड्यानंतर मुलाने संकेतस्थळ केले. त्यावर साडी विकत नाही, एकही नाही. वेळ, पत्ता, वाहनतळ, सुट्टीचे दिवस, आणि ‘आजची सूचना’ अशी एक ओळ, एवढेच आहे.

उद्यमबागी

मी हात पोळलेल्यांपैकी आहे. आमचे मशीनिंगचे जॉबवर्क आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येते, आम्ही ते घासून-छिद्रे पाडून मापात आणतो. सहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाकडून चाळीस हजार रुपये देऊन संकेतस्थळ करून घेतले. वर फिरणारी चित्रे, ‘आमची दृष्टी’, ‘आमचे ध्येय’, आणि कुठल्यातरी परदेशी कारखान्याचे छायाचित्र. आमच्या यंत्रांची यादी मात्र नव्हती. वर्षभरात एक चौकशी आली, तीही संकेतस्थळ अधिक चांगले करून देतो असे सांगणाऱ्याची.

खरी गंमत पुढे आहे. तो मुलगा नोकरीला बाहेर गेला, फोन उचलेनासा झाला, आणि एके दिवशी संकेतस्थळ नाहीसे झाले. चौकशी केली तेव्हा कळले की आमच्या कंपनीच्या नावाचा डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलेला होता. नूतनीकरणाची आठवण त्याला जात असणार, आम्हाला कुठून यायची? नाव सुटले आणि दुसऱ्याच कुणीतरी उचलले. बिलावर, चलनावर, दारावरच्या पाटीवर आम्ही ते नाव छापून बसलो होतो.

तरीही दुसऱ्यांदा केले, कारण पुण्याच्या एका खरेदीदाराने पहिल्याच बैठकीत विचारले, ‘तुमचा ईमेल मोफत सेवेवरचा का?’ त्याच्या प्रश्नात अपमान नव्हता. पुरवठादाराच्या अर्जात कंपनीच्या पत्त्यावरचा ईमेल मागणारा रकानाच होता. या वेळी यंत्रांची यादी, प्रत्येकावर किती मापाची आणि किती वजनाची वस्तू बसते, तपासणीची कोणती साधने आहेत, इतकेच लिहिले. दृष्टी आणि ध्येय काढून टाकले.

घाटमाथा

मी मूळचा बेळगावचा, आता चोर्ल्याच्या पलीकडे गोव्यात राहून संकेतस्थळे बांधतो. म्हणजे मला विक्रेता समजून वाचले तरी हरकत नाही, पण उद्यमबागींनी लिहिले ते आमच्या धंद्याचे उघडे गुपित आहे, आणि त्यावर आधी बोलले पाहिजे.

डोमेन, होस्टिंग आणि संकेतस्थळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डोमेन म्हणजे नाव. ते वर्षाच्या भाड्याने मिळते आणि वेळेवर पैसे भरत राहिलात तर तुमच्याकडेच राहते. होस्टिंग म्हणजे पाने ठेवायची जागा. ती उद्या बदलता येते. संकेतस्थळ म्हणजे त्या जागेत मांडलेला मजकूर. तो मोडून नवा करता येतो. तिन्हींमध्ये एकदा गेले की बहुधा परत न येणारी गोष्ट म्हणजे नाव, आणि नेमकी तीच लोक करणाऱ्याच्या हाती सोपवून मोकळे होतात. नोंदणी तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या फोनवर झालीच पाहिजे. खर्च साधारण वर्षाला हजाराच्या आसपास येतो. स्वयंचलित नूतनीकरण सुरू ठेवा, आणि नोंदणीसाठी वापरलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर नाव सुटले की ते परत मिळवण्याची किल्लीही त्याच कुलुपात अडकते. नाव दुसऱ्या नोंदणी-कंपनीकडे न्यायचे झाल्यास एक सांकेतिक क्रमांक लागतो; तो मागण्याचा हक्क नोंदणीधारकाचा असतो, बनवणाऱ्याचा नव्हे.

आता मूळ प्रश्न. भाड्याच्या जागेत धंदा करू नये असे मी म्हणत नाही. काठपदरताईंची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर आहेत ते योग्यच आहे, कारण माणसे तिथे आहेत. मात्र ही ठिकाणे किती टिकाऊ आहेत ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ अखेर बंद झाले. २९ जून २०२० च्या रात्री टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर देशात बंदी आली आणि त्यावर लाखो अनुयायी जमवलेल्यांचे पत्ते एका आदेशाने पुसले गेले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास एकदम बंद होते. आणि छोट्या दुकानदारांच्या सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे, गूगल आपल्या व्यवसाय-नोंदीसोबत जी एकपानी मोफत संकेतस्थळे देत असे, ती मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. ज्यांचे स्वतःचे डोमेन होते त्यांनी तेच नाव दुसऱ्या पानाला जोडले. बाकीच्यांच्या छापील कार्डांवरचा पत्ता कागदावरच राहिला.

आपल्या भागाचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते पुण्या-मुंबईच्या माणसाला ते सहसा सुचत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची अधिकृत नावे बदलली, त्यांत आपले शहरही आहे. आज चंदगडचा माणूस देवनागरीत ‘बेळगाव’ लिहून शोधतो, हुबळीचा माणूस कन्नड लिपीत ‘बेळगावी’ लिहितो, आखातात गेलेला माणूस अजून जुने इंग्रजी ‘बेल्गॉम’ लिहितो, आणि सरकारी अर्ज भरणारा नवे इंग्रजी स्पेलिंग वापरतो. नकाशावरच्या नोंदीला किंवा समाजमाध्यमावरच्या खात्याला नाव एकच देता येते. स्वतःच्या संकेतस्थळावर मराठीचे, कन्नडचे आणि इंग्रजीचे अशी तीन पाने करता येतात, प्रत्येकात शहराचे नाव त्या भाषेतल्या माणसाला सवयीचे आहे तसे येते, आणि ‘एचरेफलँग’ नावाची एक खूण घालून शोधयंत्राला सांगता येते की ही तिन्ही एकाच व्यवसायाची भाषांतरे आहेत. दुभाषींच्या व्यवसायात तर हे पानच नमुना ठरेल.

निपाणीकर

घाटमाथांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. दुकानाच्या फलकावर ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा असा कायदा २०२४ मध्ये झाला, त्यावरून आमच्याकडे बऱ्याच पाट्या बदलल्या. पाटीची लांबी-रुंदी ठरलेली असते, म्हणून तिथे एका भाषेला जागा दिली की दुसरीची कमी होते. ही अडचण संकेतस्थळाला नाही. फलकांवरून खरे कोण नि खोटे कोण हे मला…

संपादक मंडळ

सीमाप्रश्नावर आणि फलकांवर स्वतंत्र धागे आहेत. निपाणीकरांच्या प्रतिसादाचा पुढचा भाग तिकडे हलवला आहे. इथे कृपया मूळ विषयावर राहावे.

दुभाषी

संपादकांचे आभार. घाटमाथा, दोन शंका आहेत. माझे जुने माहितीपत्रक आहे, ते छापखान्यातून आलेले आहे. त्याचे चित्र पानावर लावले तर चालेल का? आणि डोमेन देवनागरीत, म्हणजे ‘.भारत’ असे शेवट असलेले घ्यावे का? मराठीचा माणूस म्हणून मनात फार आहे.

घाटमाथा

चित्र लावू नका. शोधयंत्र चित्रातला मजकूर भरवशाने वाचत नाही, आणि आपल्याकडच्या माहितीपत्रकांतली सत्तर टक्के मराठी, हा माझा अंदाज आहे, मोजणी नव्हे, चित्रांतच अडकलेली आहे. छापखान्यातून मूळ फाइल मागवलीत तरी अडचण येईल, कारण तो मजकूर बहुधा श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतो. कन्नडमध्ये तेच नुडी या टंकन-सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलींचे. तो तसाच चिकटवला की पानावर चिन्हांची खिचडी उमटते. युनिकोडमध्ये नव्याने टंकून घ्या. चार परिच्छेदांचा मजकूर आहे, एक संध्याकाळ पुरेल.

‘.भारत’ देवनागरीत २०१४ पासून मिळते आणि ते घेऊन ठेवायला हरकत नाही. पण मुख्य पत्ता म्हणून नको. संगणक असे नाव आतून ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदलून घेतो आणि कधीकधी तेच रूप संदेशात दिसते, त्यामुळे समोरच्याला ती फसवी लिंक वाटते. शिवाय असा ईमेल पत्ता अनेक अर्जांमध्ये स्वीकारला जात नाही. रोमन ‘.इन’ घ्या आणि देवनागरी नाव त्याकडे वळवून ठेवा. नावात शहर घालायचा मोह टाळा. घातलेत तर कुठले स्पेलिंग, हा वाद घरातच सुरू होईल.

उद्यमबागी

हे आम्ही भोगले आहे. भागीदार जुन्या स्पेलिंगवर अडून होता, मी नव्यावर. शेवटी दोन्ही काढून यंत्राचे नाव ठेवले.

बस्तावाले

मुलगा आता म्हणतो आहे की निदान इरकल आणि साध्या सुती साड्या तरी संकेतस्थळावरून विकायला ठेवू. चंदगडला पार्सल पाठवायचे झाले तर जीएसटीचे काय? आमचा नंबर आहेच, पण शेजारच्या छोट्या दुकानदाराचा नाही आणि तोही विचारतो आहे.

निपाणीकर

या वेळी विषयावरच लिहितो. करसल्लागाराकडे तेरा वर्षे काम केले आहे. सीमेवरच्या माणसाने हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण हुबळीच्या दुकानदाराला जे सहसा आडवे येत नाही ते आपल्याला थोड्याच किलोमीटरवर येते. तुमच्या नंबरची सुरुवात २९ ने होते, कारण तो कर्नाटकाचा आकडा. महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३०. गिऱ्हाइकाचा पत्ता न लिहिता काउंटरवर केलेली साधी विक्री राज्यातली धरली जाते आणि तिच्यावर केंद्राचा व राज्याचा कर निम्मा-निम्मा लागतो. तेच लुगडे पार्सल होऊन शिनोळीच्या पुढे गेले की ती आंतरराज्य विक्री, आणि तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे त्या दोन करांऐवजी एकच एकात्मिक कर. गिऱ्हाइकाला द्यावी लागणारी एकूण रक्कम तीच राहते, पण विवरणपत्रातला रकाना बदलतो.

शेजाऱ्यांसाठी महत्त्वाचे ते हे: वस्तू विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून मिळणारी सूट ही राज्याच्या आत विकण्यापुरती आहे. वस्तू राज्याबाहेर पाठवायची म्हटली की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. ठरावीक हस्तकला-वस्तूंना यातून सवलत आहे, तिच्या अटी आणि यादी सल्लागाराकडून तपासून घ्यावी. सेवा देणाऱ्याचे तसे नाही. दुभाषींनी कोल्हापूरच्या माणसाचे काम केले तरी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर केवळ राज्य ओलांडले म्हणून नोंदणी लागत नाही. म्हणजे स्वतःच्या संकेतस्थळाचा सर्वांत निर्धोक फायदा आपल्या भागात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सेवावाल्यांना आहे, असे मी म्हणेन: अनुवादक, आरेखन करणारे, हिशेबनीस, शिकवणी घेणारे.

आणखी एक. संकेतस्थळावरून थेट विक्री सुरू केलीत की २०२० चे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम लागू होतात. विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार-निवारण अधिकाऱ्याचे नाव पानावर द्यावे लागते; तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. दुकानात अधिकारी म्हणजे मुलगाच असणार, पण त्याचे नाव लिहावे लागेल. बस्तावाल्यांनी फक्त वेळ आणि पत्ता ठेवला, ते मला अधिक शहाणपणाचे वाटते.

काठपदर

मी वाचते आहे. संकेतस्थळ करणार नाही, हे मत अजून बदललेले नाही. पण गेल्या आठवड्यात माझ्या छायाचित्रांतली सहा कुणीतरी उचलून स्वतःच्या खात्यावर टाकली आणि गोव्यातली एक बाई तिथे आगाऊ पैसे भरून बसली. तिने मला फोन करून विचारले, ‘ताई, तुमचे खरे खाते कुठले?’ मी काय सांगणार? माझ्या खात्यावरही तीच छायाचित्रे आहेत. तारखा दाखवल्या, पण ज्या बाईचे अडीच हजार गेले तिला तारखांशी काय देणेघेणे?

घाटमाथा

ताई, तुमच्यासाठी एकच पान पुरे. नाव, परिसर, ‘माझे एकमेव खाते हे’ अशी ओळ आणि त्याखाली दुवा, ‘आगाऊ रक्कम फक्त या नावावर’ अशी दुसरी ओळ. तुमच्या खात्याच्या माथ्यावर त्या पानाचा पत्ता द्या. चोर छायाचित्रे उचलील, पण त्याच्या खात्याकडे तुमच्या पानावरून दुवा येणार नाही, आणि विचारणाऱ्या बाईला दाखवायला एक ठिकाण राहील. होस्टिंग मोफत मिळते, कुलपाची खूण दाखवणारे सुरक्षा-प्रमाणपत्रही मोफत मिळते. खर्च फक्त नावाचा.

दुभाषी

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. डोमेन घेतले, माझ्याच नावावर. पहिल्या पानावर मी कोण हे दोन ओळींत, आणि पुढे ‘पहाणी कशी वाचावी’ असा मराठी मजकूर लिहिला: कोणत्या रकान्यात सर्व्हे नंबर, कुठे खराबा, कुठे मालकाचे नाव, कुठे बोजा, आणि सातबाऱ्यातल्या कुठल्या भागाशी तो जुळतो. त्याखाली दर आणि लागणारे दिवस. कन्नड पान मी स्वतः लिहिले. ते एखाद्या कन्नड शाळेत शिकलेल्या सदस्याने डोळ्यांखालून घालावे ही विनंती, कारण माझ्या कन्नडमध्ये मराठी वाक्यरचना डोकावते असे घरचे म्हणतात.

आजऱ्याहून परवा एक फोन आला. पान वाचून त्या गृहस्थांनी आपली पहाणी स्वतःच लावून घेतली होती आणि अनुवादाची गरज उरली नव्हती. एका रकान्यापाशी अडले होते, तेवढे विचारले. सांगितले. पैसे मागण्यासारखे त्यात काही नव्हते. संध्याकाळी त्यांच्या चुलतभावाचा फोन आला, त्याच्याकडे न्यायालयात लावायचे अकरा कागद आहेत.

काठपदर

दादा, नाव नोंदवताना ‘वडगाव’चे रोमन स्पेलिंग एका ‘डी’ने करायचे की दोन? की घाटमाथा म्हणतात तसे गावच नको?